आज घेतला नाही तो लेफ्टनंट

सैन्यात अधिकाऱ्याचे हुद्दे लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल असे चढत जातात. अमेरिकी भूदलातले ड्वाइट आयझेनहॉवर १९२० साली मेजर झाले आणि लेफ्टनंट कर्नल झाले थेट १९३६ साली. मधली दोन वर्षं तर त्यांना परत कॅप्टनच्या हुद्द्यावर आणून ठेवलं होतं. पहिलं महायुद्ध संपलं, अमेरिकेने सैन्यावरचा खर्च आवरला आणि युद्धकाळात आलेल्या अधिकाऱ्यांचा मोठा जथा जागच्या जागी अडकला. बढती सेवाज्येष्ठतेने मिळायची, म्हणजे पुढचा हलल्याशिवाय मागच्याला वाट नाही. याच माणसाने दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या चढाईचं नेतृत्व केलं. त्यामुळे ही हकीकत नेहमी धीर देण्यासाठी सांगतात, की थांबा, गुणाचं चीज होतंच. मला ती तशी सांगवत नाही. आयझेनहॉवर आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते थांबले. त्या सोळा वर्षांत वाट पाहून थकलेले जे निघून गेले, त्यांच्यात कोण कोण होतं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मी आज त्यांच्याविषयी बोलायला उभा आहे.

संरक्षणाच्या तरतुदीला कात्री लागते तेव्हा ती नेमकी कुठे लागते, हे आधी पाहू. पगार आणि निवृत्तिवेतन कायद्याने बांधलेलं असतं. विमानं, रणगाडे, जहाजं यांचे करार झालेले असतात आणि ते मोडले तर उलट दंड भरावा लागतो. मग याच महिन्यात थांबवता येईल असं काय उरतं? इंधन, दारूगोळा, सुटे भाग, उड्डाणाचे तास, सराव आणि अभ्यासक्रम. अमेरिकेत सरकारी खर्चाला मर्यादा घालणाऱ्या २०११ च्या कायद्यानुसार मार्च २०१३ मध्ये आपोआप कपात लागू झाली, आणि एप्रिलमध्ये हवाई दलाच्या १७ लढाऊ स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, जमिनीवर बसल्या. जवळजवळ तीन महिने. भूदलाचेही मोठे सराव रद्द झाले.

आता हा रद्द झालेला सराव कुणाचा गेला? जनरलच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत असे कितीतरी सराव येतात. एक हुकला तर हुकला. कॅप्टनच्या हातात कंपनी, म्हणजे शंभर-सव्वाशे जणांची तुकडी, असते ती जेमतेम दीड-दोन वर्षं. त्या काळात मोठा सराव येतो एकदा. तो गेला की गेला. पुढे तो मेजर होईल, बटालियनच्या मुख्यालयात बसेल, पण शंभर-सव्वाशे माणसं घेऊन रात्रंदिवस मैदानात चुकायची आणि चूक सुधारायची संधी परत येत नाही.

याहून खालच्या पायरीवर या. लेफ्टनंटच्या हाताखाली तीस-पस्तीस जवान. एक गट बाजूच्या टेकाडावरून मशीनगनने लक्ष्य दाबून धरतो, दुसरा गट पुढे सरकतो. मारा थांबवायचा किंवा दुसरीकडे वळवायचा क्षण लेफ्टनंटने ठरवायचा असतो. लवकर थांबवला तर समोरचा डोकं वर काढतो, उशीर झाला तर आपलीच माणसं आपल्या गोळ्यांच्या रेषेत येतात. हा अंदाज खऱ्या गोळ्यांच्या आवाजात, धुरात, छातीत धडधड होत असतानाच येतो. दारूगोळ्याचा वाटा निम्मा झाला की हा सराव कोरडा होतो. हातवारे होतात, शिट्ट्या वाजतात, नोंदवहीत ‘सराव पूर्ण’ असं लिहिलं जातं. त्या मुलाला पुढे बढतीही मिळेल. पण तो क्षण ओळखायला तो शिकलेला नसतो, आणि हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं.

दुसरा परिणाम वरिष्ठ अधिकाऱ्याविषयी लिहितात त्या गोपनीय अहवालावर होतो, आणि मला तो जास्त घातक वाटतो. सैन्य म्हणजे पिरॅमिड. एक बटालियन मोडली की एका लेफ्टनंट कर्नलची जागा जाते, चार-पाच कंपन्यांचं नेतृत्व जातं, डझनभर लेफ्टनंटांच्या तुकड्या जातात. माणसं मात्र तेवढीच राहतात. मग बढती मंडळापुढे फायलींचा ढीग येतो आणि एकेका फाइलला मिळतात काही मिनिटं. अमेरिकी भूदलात वरिष्ठाला सर्वोच्च शेरा निम्म्याहून कमी जणांनाच देता येतो. जागा भरपूर असतात तेव्हा मंडळ विचारतं, हा पुढे का जावा? जागा आटल्या की प्रश्न उलटतो, हा का वगळावा? वगळायचं कारण सापडायला एक डाग पुरतो.

तरुण अधिकारी हे फार लवकर ओळखतात. धाडसी सराव आखायचा, त्यात एखादी गाडी उलटायची, चौकशी लागायची, एवढं कशाला? ‘तुकडी तयार नाही’ असं वर कळवायचं कशाला? अमेरिकी सैन्यात नव्वदच्या दशकात कपात चालू असताना नेमकी हीच तक्रार होती, की चुकीला माफी नाही म्हणून कुणी काही करूनच पाहत नाही. खर्च वाचवायला निघालेली संस्था अशा रीतीने खरं बोलणाऱ्याला गमावते. पैशाच्या कुठल्याही तक्त्यात हे नुकसान दिसत नाही.

आणि मग प्रत्यक्ष घरी पाठवणं. २०१४ मध्ये अमेरिकी भूदलाने अकराशेहून जास्त कॅप्टन आणि पाचशेहून जास्त मेजर निवडून कमी केले. त्यांतल्या काहींना ही बातमी अफगाणिस्तानात तैनात असताना कळली. तिथे तेव्हा पूर्ण निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची सेवा लागत असे. बारा वर्षं झालेल्याला ठरावीक रक्कम हातात आणि निरोप. शिपायापासून वर चढून अधिकारी झालेल्यांची गत आणखी वाईट. त्यांची एकूण सेवा २० वर्षांची भरत होती, पण अधिकारी म्हणून पुरेशी वर्षं झाली नव्हती. असे काही कॅप्टन सार्जंटच्या निवृत्तिवेतनावर घरी गेले. संस्थेनेच त्यांना गरज असताना ‘अधिकारी व्हा’ म्हणून पुढे आणलं होतं. ब्रिटनमध्ये २०११ साली रॉयल एअर फोर्सने शिकाऊ वैमानिकांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश कमी केले. काहींचं शिक्षण संपत आलं होतं, म्हणजे त्यांच्यावरचा खर्च करून झाला होता.

स्वेच्छेने जाणाऱ्याला पैसे द्या, हा मार्ग माणुसकीचा वाटतो, आणि आहेही. पण तो कोण घेतो? ज्याला बाहेर दुसऱ्या दिवशी काम मिळेल, तो.

या सगळ्याचा हिशेब फार उशिरा पुढे येतो. शीतयुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी भूदल साडेसात लाखांच्या वर होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते पाच लाखांच्या खाली आलं. त्या वर्षांत नवे लेफ्टनंटही कमी घेतले. पुढे इराक आणि अफगाणिस्तानची युद्धं लागली, तेव्हा कॅप्टन आणि मेजर पुरेनात. २००७ मध्ये कॅप्टनांनी थांबावं म्हणून ३५ हजार डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली, आणि मेजरच्या बढतीत जवळजवळ सगळेच पास होऊ लागले. कारखान्याला अनुभवी अभियंता कमी पडला तर तो दुसऱ्या कारखान्यातून आणता येतो. मेजर बाजारात मिळत नाही. तो लेफ्टनंट म्हणून घ्यावा लागतो आणि दहा वर्षं वाट पाहावी लागते. आज घेतला नाही, तर दहा वर्षांनी तो नसतो.

मग कपात करूच नये का? करावी. युद्ध संपल्यावर सैन्य लहान झालंच पाहिजे. तो पैसा लोकांचा आहे. माझं म्हणणं एवढंच, की दरवर्षीची नवी भरती ठरावीक मर्यादेखाली जाऊ देऊ नका. तुकड्या कमी करायच्या असतील तर करा, पण उरलेल्यांना गोळ्या, इंधन आणि तास पुरेपूर द्या. दहा अर्धवट शिकलेल्या बटालियनपेक्षा सात तयार बटालियन मला चालतील. आणि ज्याला काढायचं आहे त्याला दोन वर्षं आधी तोंडावर सांगा, म्हणजे त्याला पदवी पूर्ण करता येईल, घर हलवता येईल, मुलांची शाळा बघता येईल.

व्याख्यानाला येताना एका तरुण अधिकाऱ्याने मला दारातच गाठलं. त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. मुख्यालयात वरिष्ठांच्या नजरेत राहण्याची खुर्ची, किंवा लांबच्या ठाण्यावर एक कंपनी. जागा कमी होणार अशी कुजबुज आहे, म्हणून खुर्चीच बरी असं त्याला सगळे सांगताहेत. मी त्याला कंपनी घे म्हटलं. बढतीची खात्री मी देऊ शकत नाही, तीही गोष्ट त्याला सांगितली. पण कंपनी हातात असेल तोवर दर आठवड्याला मिळतील तेवढ्या गोळ्या झाडून घे, रात्रीचा सराव सोडू नकोस, आणि तुकडी तयार नसेल तर तसंच लिही.