माती कुठून आणली, आधी ते सांगा

तर मंडळी, गच्चीवर, परसात भाज्या लावणारे एवढे जण आज आलात, लई बरं वाटलं. बियाणं-खताचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी एकच विचारते, तुमच्या वाफ्यातली माती आली कुठून, आणि त्या जागेवर आधी काय होतं?

बघा, आपल्या संभाजीनगरात घर बांधलं की आवारात भर टाकतात राडारोड्याची, त्यात पाडलेल्या घराच्या विटा, रंगाचे पापुद्रे सगळंच असतं, वरून वीतभर काळी माती पसरली की झाली बाग. आता जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. पेट्रोलमध्येही असायचं, ते देशभर बंद झालं 2000 साली, आणि रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची मर्यादा लागू झाली ती 2017 मध्ये. पण शिसं कुजत नाही, पावसानं फारसं खाली झिरपतही नाही, वरच्या थरातच बसून राहतं.

आमच्याकडे जुनं गेट घासून रंगवलं, सगळा भुगा खालच्या मेथीच्या वाफ्यात पडला आणि नातू त्याच मातीत खेळायला लागला. मी मेथी उपटून टाकली, वरची मातीही काढली. लोक म्हणले एवढं काय. पण लेकरांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त भिनतं, मेंदूवर परिणाम होतो, आणि इतकं चालतं अशी सुरक्षित पातळीच नाही.

घाबरून बाग मोडू नका हां. मुळातून शिसं झाडात कमीच चढतं, टोमॅटो, वांगी, भेंडीत तर फारच कमी. शिवाय आपली काळी माती चिकण आणि विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, ती शिसं धरून ठेवते, शेणखत-कंपोस्ट भरपूर घातलं की अजून घट्ट. खरा धोका पालक-चुक्यावर बसलेल्या धुळीचा आणि मुळा-गाजराला चिकटलेल्या मातीचा, म्हणून रस्त्याकडेला पालेभाजी नको, आणि तीन-चार पाण्यांनी धुवा. कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूचं मात्र वेगळंय, ते पालकात सहज चढतं, तिथं धुऊन भागत नाही.

उन्हाळ्यात पाणी नसलं की नाल्याचं पाणी घालायचा मोह होतो, खाम-सुखना नद्यांच्या काठाला तेच चालत आलंय, मी कुणाला दोष देत नाही, पण त्यात सांडपाणी असतं, जंतांची अंडी असतात, कारखान्याचं काही मिसळलं असेल तर जड धातूही, आणि कच्ची कोथिंबीर आपण तशीच वरून भुरभुरतो की!

माती तपासून आणली म्हणून निश्चिंत राहू नका. सरकारी माती तपासणीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, जस्त-बोरॉन वगैरे 12 गोष्टी येतात, शिसं-कॅडमियम त्यात नसतं. जड धातूंची तपासणी लॅबमध्ये वेगळी मागावी लागते.

मघाशी एका ताईंनी जुन्या टायरात भाजी लावायचं विचारलं. टायरात जस्त असतं, तेलकट रसायनं असतात, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहितीये, तापलं की ते मातीत उतरायची भीती. त्यात झेंडू लावा ताई, कोथिंबीर कुंडीतच बरी.