शेजारणीचा ससा आणि आयर्लंडचं लोणी

शाल, नारळ आणि प्रास्ताविक यांतच माझा निम्मा वेळ गेला आहे, तेव्हा ती 'आवरा'ची चिठ्ठी जरा उशिरा पाठवा. पत्रिकेत विषय छापलाय लोण्याच्या समजुतींमागचं अर्थकारण. त्याकडे येतोच. आधी ससा.

बाराव्या शतकात गिराल्डस काम्ब्रेन्सिस नावाच्या पाद्र्यानं लिहून ठेवलंय की वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंडात काही म्हाताऱ्या सशाचं रूप घेऊन दुसऱ्यांच्या गाईंचं दूध चोरतात, ही लोकांची जुनीच तक्रार आहे. बाराव्या शतकात जुनी! पुढे आयर्लंडात गोष्ट अशी सांगत: मे महिन्याची पहिली पहाट. शेतकरी बघतो तर ससा गाईच्या आचळाला लागलेला. तो कुत्रा सोडतो. ससा सुसाट पळतो आणि एका झोपडीच्या खिडकीतून आत उडी घेणार, तेवढ्यात कुत्रा मागच्या पायाचा लचका तोडतो. शेतकरी दार ढकलतो. आत ससा नाहीच. चुलीपाशी म्हातारी धापा टाकतेय आणि तिच्या पायातून रक्त येतंय. आता ही म्हातारी कोण? जमीनदारीण? छे! गावातलीच, एकटी राहणारी, गरीब. आळ कुणावर घ्यायचा हे सशाला बरोबर कळतं.

1937 ते 1939 मध्ये आयर्लंडच्या लोककथा आयोगानं शाळकरी मुलांकडून घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टी लिहून घेतल्या. त्यात लोणीचोरीचे, म्हणजे शेजाऱ्याचं लोणी जादूनं आपल्या घरी ओढायचे, प्रकार वाचा! मेच्या पहाटे शेजाऱ्याच्या विहिरीचं पहिलं पाणी काढायचं, त्याच्या कुरणावर फडकं ओढून दव टिपायचं. मेलेल्या माणसाच्या हातानं दूध ढवळल्याच्याही कथा आहेत. (पहिल्या रांगेतल्या वहिनी, घरी करून बघू नका.) उतारा म्हणून लोणी घुसळायच्या पिंपाखाली गाढवाचा नाल ठेवायचा, नाहीतर नांगराचा फाळ विस्तवात घालायचा. घुसळण चालू असताना घरातला विस्तव बाहेर जाता कामा नये, अगदी पेटती चिलीमसुद्धा. आणि आलेल्या माणसानं 'देव कामाला यश देवो' म्हणत घुसळायचा दांडा चार वेळा खालीवर करायचाच. नाही केला तर संशय त्याच्यावर. आपल्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवतात. तिथे भांड्याला हात लावल्याशिवाय सुटका नव्हती.

आली चिठ्ठी. बरं, भराभर सांगतो. साय फार गार किंवा फार कोमट असली की लोणी धरत नाही, आणि शेतकऱ्याच्या घरी थर्मामीटर नव्हता. हे लोणी पोळीवर घ्यायचं नव्हतं, विकून जमिनीचा खंड भरायचा होता. कॉर्क या आयरिश बंदराच्या बाजारातून ते अटलांटिकपार जाई. लोणी बसलं नाही की खंड अडला, आणि खंड अडला की कुणीतरी दोषी हवा. मे महिन्यात गाई कुरणावर जात, कमाईचा हंगाम तिथून सुरू होई, म्हणून भीतीही तेव्हाच. दांड्याची सक्ती मात्र मला शहाणपणाची वाटते: दमलेल्या बाईला दोन हात मिळतात आणि शेजारीण आयतीच संशयातून सुटते.

1889 मध्ये लिमरिकमधल्या ड्रमकॉलरला पहिली सहकारी क्रीमरी, म्हणजे लोणी काढायचा कारखाना, निघाली. मग दूध गाडीवरून तिकडे जाऊ लागलं, घरातली घुसळण हळूहळू कमी झाली आणि तिच्याबरोबर बायकांच्या हातातला पैसाही. हाच माझा मुख्य मुद्दा होता. आता तो चहाच्या टेबलाशी.