डोळ्याची पण सोनोग्राफी असते

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटच आठवतं, मुतखडा नाहीतर बाळ. पण नाशिकला गंगापूर रोडच्या ह्या दवाखान्यात आत्ता चाललीये ती डोळ्याची सोनोग्राफी, आणि शोधतायत काय तर काचबिंदू, तोही नजर जायच्या आधी.

पलंगावर झोपल्यात त्या मावशी निफाडच्या. आल्या होत्या चष्म्याचा नंबर काढायला. दिसतंय चांगलं, डोळ्याचं प्रेशर १८, म्हणजे नॉर्मलच, १० ते २१ चालतं. पण तपासताना डॉक्टर मॅडमना त्यांच्या डोळ्यातला अँगल, म्हणजे आतला कोपरा, अरुंद वाटला.

सगळी गोम ह्या अँगलमध्येच आहे. डोळ्यात आत सतत पाणी तयार होतं, अश्रू नाही बरं का, ते वेगळे. हे पाणी आयरिसच्या, म्हणजे रंगीत पडद्याच्या मागं बनतं, बाहुलीतून पुढं येतं आणि आयरिस नि पुढची काच जिथं भेटतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून निघून जातं. तो कोपरा बुजला की निचरा बंद, प्रेशर वर, आणि मागची, डोळ्यातून मेंदूकडं जाणारी नस मरायला लागते. नसेत १० लाखाच्या वर तंतू असतात, गेलेला एकही परत येत नाही.

आता मशीन बघा. नाव यूबीएम, म्हणजे अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोप. पोटाची सोनोग्राफी साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झवर होते, ही ५० च्या आसपास, त्यामुळं चित्र एकदम बारीक येतं पण खोली जेमतेम ४-५ मिलिमीटर, आणि अँगलला तेवढी बास झाली. कॅनडात टोरांटोला चार्ल्स पावलिन आणि स्टुअर्ट फॉस्टर यांच्या टीमनं १९९० च्या सुमारास हे तंत्र आणलं.

डोळा बधिर करायचा थेंब टाकला, पापण्यांमध्ये छोटा कप बसवला, कपात सलाइन, सलाइनमध्ये प्रोब. मावशी म्हणतात, "गार लागतंय ओ नुसतं."

"लाइट बंद करा."

स्क्रीनकडं बघा आता. अंधारात बाहुली मोठी झाली, आयरिस जाड होऊन कडेला गोळा झाली आणि अँगलची ती काळी फट बुजली. लाइट लावला, परत थोडी उघडली. म्हणून तर काहींना थेटरात किंवा रात्री डोळा ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, मळमळतं, आणि माणूस पित्ताची गोळी घेऊन झोपतो!

उजेडावर चालणारी स्कॅन मशीनं पण आहेत, डोळ्याला न लावता होतात, पण आयरिसच्या रंगापुढं उजेड अडतो. आवाजाच्या लहरी मागं जातात, त्यामुळं आयरिसला मागून कोण ढकलतंय ते फक्त हिच्यात नीट दिसतं.

पण उगाच सगळ्यांनी यूबीएमच्या मागं लागू नका हं. आधी आरशाच्या लेन्सनं अँगल बघतात, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. आणि ज्या काचबिंदूत अँगल उघडाच असतो तिथं हिचा फारसा उपयोग नाही, तिथं नसेचा स्कॅन आणि फिल्ड टेस्ट, म्हणजे कडेकडेचं किती दिसतं त्याची तपासणीच लागते.

मावशींची नस शाबूत आहे. मॅडमनी लेझर सुचवलंय, आयरिसला बारीक छिद्र पाडायचं, ॲडमिट व्हायची गरज नाही. सगळ्याच अरुंद अँगलना लागतं असं नाही, पण यांचा अंधारात पूर्ण बंद होतोय आणि अचानक प्रेशर चढलं तर रात्री निफाडहून इथवर यायचं म्हणजे अवघडच.

"सख्खी बहीण आहे का तुम्हाला?"

"आहे की, येवल्याला. तिला कशाला?"

"घरात चालतं हे. पुढच्या वेळी तिलाही घेऊन या."