स्तोरी वेर: वेल्सची कथा आणि तिचा वाचक

(दृश्य: वायव्य वेल्समधील डोंगरउतार. दगडी घर. मागे खाणींचे राखाडी ढिगारे.)

पडद्यावर दिसणारे हे बुटके दगडी घर रॉसगॅडवान या गावातले आहे. मागचे ढिगारे स्लेटचे, म्हणजे शाळेच्या पाटीच्या दगडाचे आहेत, आणि या गावातील पुरुषांच्या पिढ्यान् पिढ्या तोच दगड फोडण्यात गेल्या. 1891 मध्ये जन्मलेल्या केट रॉबर्ट्स या घरात वाढल्या. पहिल्या महायुद्धात त्यांचा धाकटा भाऊ मरण पावला आणि त्या दुःखाने जीव गुदमरू नये म्हणून आपण लिहू लागलो, असे त्यांनी पुढे सांगितले. त्यांचा पहिला कथासंग्रह 1925 मध्ये निघाला. लघुकथेला वेल्श भाषेत ‘स्तोरी वेर’, शब्दशः ‘आखूड गोष्ट’, असे म्हणतात, आणि त्या आखूडपणाचा अर्थ केट रॉबर्ट्स यांच्याइतका कोणी जाणला असेल असे वाटत नाही.

1959 मधील त्यांच्या एका संग्रहाचे शीर्षक ‘हीदरच्या झुडपांतला चहा’ असे मराठीत सांगता येईल. शीर्षककथेत बेगू नावाची लहान मुलगी मैत्रिणीबरोबर डोंगरावर सहलीला निघते आणि बरोबर घेतलेली जेली तिने वाटभर जिवापाड जपलेली असते. तिथे विनी नावाची मोठी, गरीब, तोंडाळ मुलगी भेटते आणि सगळे खाणे एकटीच फस्त करते. एवढेच घडते. परंतु जेली गेल्याचा राग आणि विनीविषयी वाटू लागलेले कुतूहल या दोन्ही गोष्टी त्या मुलीच्या मनात एकाच वेळी कशा नांदतात, हे लेखिकेने कुठेही समजावून न सांगता दाखवले आहे. समजावून सांगण्याची गरजच नव्हती, कारण ही कथा वेल्श भाषेत, वेल्श वाचकांसाठी, त्याच प्रकारच्या घरांत वाढलेल्या माणसांसाठी लिहिलेली होती.

वेल्सच्या कथेचा आणि तिच्या समीक्षेचा इतिहास पाहू लागले की हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: कथा कोणाला सांगितली जात आहे? 1911 च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे 43.5 टक्के लोक वेल्श बोलत होते. 2021 मध्ये ते प्रमाण 17.8 टक्क्यांवर, म्हणजे सुमारे 5 लाख 38 हजार लोकांवर आले. या देशातील बहुतेक लेखक आज इंग्रजीत लिहितात, आणि इंग्रजीत लिहिणे म्हणजे शेजाऱ्याबरोबर लंडनलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलणे होय.

(दृश्य: पश्चिम वेल्समधील चॅपल. रिकामी बाके.)

याची सर्वांत कडवट साक्ष 1915 मध्ये मिळाली. कॅरडॉक एव्हान्स या पत्रकाराने कार्डिगनशायरच्या शेतकरी समाजावर ‘माय पीपल’, म्हणजे ‘माझी माणसे’, हा कथासंग्रह इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यातील एका कथेत नॅनी नावाची वृद्धा उंदीर भाजून खाते आणि वाचवलेल्या पैशातून धर्मोपदेशकाला भेट देण्यासाठी बायबल विकत घेते. वेल्सला मात्र विषयापेक्षा भाषा अधिक झोंबली. एव्हान्स यांनी वेल्श वाक्प्रचारांचे मुद्दाम वेडेवाकडे, शब्दशः इंग्रजी भाषांतर करून आपली पात्रे बोलती केली. स्वभाषेत प्रतिष्ठेने बोलणारी माणसे त्यामुळे परक्या भाषेत अडाणी आणि विकृत भासू लागली. देवाला ही पात्रे ‘मोठा माणूस’ म्हणतात. ढोंगी धर्मसत्तेवर हा आघात योग्य होता की आपल्याच माणसांना परक्यांपुढे नागवे करणे होते, याविषयी वेल्समध्ये अजून एकमत नाही. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि म्हणूनच ते पुस्तक अजून वाचावेसे वाटते.

वेल्सची आधुनिक समीक्षा या जखमेभोवती वाढली. कथाकार आणि कवी ग्लिन जोन्स यांचे 1968 मधील ‘द ड्रॅगन हॅज टू टंग्ज’, म्हणजे वेल्सचे प्रतीक असलेल्या ‘ड्रॅगनच्या दोन जिभा’, हे पुस्तक इंग्रजीत लिहिणाऱ्या वेल्श लेखकांविषयी आहे. विशेष हे की त्याचा आरंभ आत्मकथनाने होतो. घरात वेल्श बोलणारा मुलगा इंग्रजी शाळेत गेला आणि त्याची लेखनाची भाषा बदलली, ती कशी बदलली हे सांगितल्यावाचून इतरांच्या पुस्तकांविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशीच जणू त्यांची भूमिका आहे. तटस्थतेचा आव आणणाऱ्या समीक्षेपेक्षा मला हा प्रामाणिकपणा अधिक मोलाचा वाटतो. त्या काळी अशा लेखकांना ‘अँग्लो-वेल्श’ म्हणत. पुढे हा शब्द मागे पडला, कारण त्यात लेखक अर्धवट वेल्श असल्याचा वास येत होता. त्याच्या जागी ‘वेल्सचे इंग्रजी लेखन’ अशा अर्थाची संज्ञा रूढ झाली. एम. विन टॉमस यांनी 1999 मध्ये वेल्सच्या दोन्ही साहित्यांचा एकत्र विचार करणारे पुस्तक लिहिले, तर 2004 मध्ये कर्स्टी बोहाटा यांनी वसाहतोत्तर दृष्टिकोन, म्हणजे परक्या सत्तेखाली राहिलेल्या समाजांचे साहित्य त्या अनुभवाच्या प्रकाशात वाचण्याची पद्धत, वेल्सला लागू होतो का, हा प्रश्न विस्ताराने तपासला. हा प्रश्न सोपा नाही. वेल्सची भाषा शाळेतून आणि न्यायालयातून हुसकावली गेली हे जितके खरे, तितकेच वेल्शांनी साम्राज्यात भाग घेतला हेही खरे. 1841 मध्ये ईशान्य भारतातील खासी टेकड्यांत पोहोचलेल्या टॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्याने खासी भाषेला रोमन लिपी दिली, ही गोष्ट भारतीय प्रेक्षकांनी या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

(दृश्य: रॉन्दा खोरे. डोंगरउतारावर एकाला एक लागून बांधलेल्या घरांच्या रांगा.)

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. दक्षिणेतील कोळशाच्या खाणी बंद झाल्यानंतरच्या रॉन्दा खोऱ्यात वाढलेल्या रेचल ट्रेझीस यांच्या ‘फ्रेश ॲपल्स’ या संग्रहाला 2006 मध्ये तरुण लेखकांसाठीचा डिलन टॉमस पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराचे ते पहिलेच वर्ष होते. त्यांची पात्रे खोऱ्यातील बोलीत बोलतात, पण ती बोली प्रदर्शनासाठी मांडलेली नाही. एव्हान्स आणि ट्रेझीस यांच्यातील खरे अंतर इथे मोजता येते.

कार्डिगन उपसागराच्या किनाऱ्यावर वाढलेले कनन जोन्स यांची वाट वेगळी आहे. एक माणूस छोट्या होडीतून समुद्रात जातो, त्याच्यावर वीज पडते, आणि शुद्धीवर आल्यावर आपण कोण हेही त्याला नीट आठवत नाही. या घटनेवर त्यांची ‘कोव्ह’ ही कादंबरिका आहे, आणि तोच ऐवज आणखी आटवून केलेल्या ‘द एज ऑफ द शोल’ या कथेला 2017 मध्ये बीबीसीचा राष्ट्रीय लघुकथा पुरस्कार मिळाला. वाक्ये तुटक आहेत, परिच्छेदांमध्ये मोकळी जागा आहे, आणि ज्याला स्थानिक म्हणावे असे तपशील जवळजवळ नाहीत. तरीही ही कथा मला केट रॉबर्ट्स यांच्या वंशातली वाटते, कारण दोघांनीही न सांगण्यावर विश्वास ठेवला आहे.

वेल्श भाषेतील कथाही थांबलेली नाही. लेइकी रॉबर्ट्स यांच्या कथासंग्रहाला 2014 मध्ये राष्ट्रीय आइस्तेद्वोद या वार्षिक साहित्य-संगीत संमेलनाचे गद्यपदक मिळाले.

(दृश्य: कार्फिलीचा किल्ला. झुकलेला बुरूज. बाजारपेठ.)

सर्वांत जास्त वेळ मात्र टॉमस मॉरिस यांच्यापाशी थांबायला हवे. ते या कार्फिली गावचे. 2015 मधील त्यांचा पहिला संग्रह बहुतांशी याच गावातील व्हिडिओच्या दुकानांत, रस्त्यांवर आणि स्वयंपाकघरांत घडतो, आणि त्याला पुढच्या वर्षी वेल्समधील ‘वर्षातील पुस्तक’ हा सन्मान मिळाला. 2023 मधील ‘ओपन अप’ या दुसऱ्या संग्रहात पाचच कथा आहेत. त्यांतली एक फुटबॉलचा सामना बघायला वडिलांबरोबर गेलेल्या मुलाची आहे, तर दुसरी चक्क समुद्रघोड्यांची. समुद्रघोड्यांमध्ये पिल्ले नराच्या पोटातील पिशवीत वाढतात. तेव्हा आई निघून गेलेल्या आणि बापाने वाढवलेल्या पोराची कथा सांगायला याहून योग्य प्राणी सापडला नसता. विनोदी वाटणारी ही कल्पना हळूहळू जिव्हारी लागते.

या कथेचे नाव ‘अबेरकारियाद’ असे आहे. ‘अबेर’ म्हणजे नदी समुद्राला मिळते ते मुख. वेल्सच्या नकाशावर या शब्दाने सुरू होणारी गावे जागोजागी आहेत. ‘कारियाद’ म्हणजे प्रेम किंवा प्रिय व्यक्ती. शीर्षकात हा शब्द वेल्श वर्णमालेत नसलेल्या ‘के’ या अक्षराने लिहिला आहे, म्हणजे ओळखीचा शब्द किंचित परका करून ठेवला आहे. ज्याला वेल्श येत नाही त्याला ते समुद्रतळाचे काल्पनिक नाव वाटेल आणि कथा तरीही पुरेपूर कळेल. ज्याला येते त्याला ‘प्रेमाचे मुख’ ऐकू येईल. एव्हान्स यांनी भाषांतराने आपल्या माणसांची टर उडवली होती. मॉरिस यांनी भाषांतर न करता दोन वाचकांना एकाच दारातून आत घेतले आहे.

असे शब्द उलगडून दाखवण्याचे काम समीक्षेचे, आणि समीक्षेला जागा लागते. 1970 मध्ये नेड टॉमस यांनी सुरू केलेले ‘प्लॅनेट’ आणि 1988 पासून निघणारे ‘न्यू वेल्श रिव्ह्यू’ ही नियतकालिके इंग्रजीतील वेल्श लेखनाची जाणती परीक्षणे दशकानुदशके छापत होती. 2024 मध्ये प्रकाशनांना अनुदान देणाऱ्या ‘बुक्स कौन्सिल ऑफ वेल्स’ या संस्थेच्या अनुदानाच्या नव्या वाटपात दोघांनाही स्थान मिळाले नाही आणि त्यांचे अंक थांबले. 2025 मध्ये ‘फोल्डिंग रॉक’ हे नवे नियतकालिक आले; वेल्श भाषेत 2016 पासून ‘ओर पेद्वार ग्विंट’, म्हणजे ‘चारी वाऱ्यांकडून’, निघत आहे. परंतु पन्नास वर्षे चाललेल्या अंकांत एकाच लेखकाची सलग दहा पुस्तके वाचलेला परीक्षक असतो, आणि असा परीक्षक नव्या अनुदानाबरोबर आयता मिळत नाही.

(दृश्य: ग्रंथालयातील कपाट. ‘प्लॅनेट’चे जुने अंक. कॅमेरा एका पाठोपाठ एक कण्यांवरून सरकतो आणि शेवटच्या अंकाशेजारच्या रिकाम्या जागेपाशी थांबतो.)