डागमारचं पत्र

अध्यक्ष महाराज, मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय, 'डेन्मार्कच्या राजकन्येचं लग्न आणि फ्रान्स-रशिया मैत्री'. मैत्रीपर्यंत पोहोचायचंच आहे. पण आधी त्या मुलीचं नाव. माझं भांडण नावापासूनच सुरू होतं.

तिचं नाव डागमार. रशियात ती मारिया फ्योदोरोव्हना झाली. तिसऱ्या अलेक्झांडरची बायको, शेवटच्या झारची, म्हणजे दुसऱ्या निकोलायची आई. काही वर्षांपूर्वी मी एका मासिकाला तिच्या लहानपणावर लेख दिला होता. अख्ख्या लेखात 'डागमार' लिहिलं होतं. अंक हातात आला तर पहिल्या ओळीपासून 'मारिया'! कोपनहेगनमधली बारा वर्षांची पोर, आणि तिला 'सम्राज्ञी मारिया' म्हटलेलं. मी फोन केला. वाचकांचा गोंधळ नको म्हणून एकच नाव ठेवलं, असं उत्तर मिळालं. मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण गोंधळ हाच तर विषय होता!

माझी आजी माहेरची यमुना. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि ती सुशीला झाली. सत्तरीतही माहेरच्या गावी कुणी 'यमे' म्हटलं की ती गर्रकन मागे वळायची. आम्हाला तिचं ते वळणं बघायला फार आवडायचं. डागमारच्या बाप्तिस्म्याच्या नावांत 'मारी' होतं, हे खरं. पण 'फ्योदोरोव्हना' म्हणजे फ्योदोरची मुलगी. वडील तर ख्रिस्तियान! रशियात सून म्हणून येणाऱ्या कितीतरी परदेशी राजकन्यांना बापाचं हेच नाव मिळालं. म्हणजे बापसुद्धा बदलला.

तो बाप कोण होता, ते बघा. 1847 साली डागमार जन्मली, तेव्हा ख्रिस्तियान सैन्याच्या पगारावर संसार चालवणारा राजघराण्याचा एक नातलग होता. घर कोपनहेगनचा 'पिवळा वाडा'. नाव वाडा, पण राहणी बेताची. मोठी बहीण अलेक्झांड्रा आणि डागमार एका खोलीत झोपत, आपले कपडे आपणच शिवत. परीकथांचे हान्स ख्रिश्चन अँडरसन या मुलांना गोष्टी वाचून दाखवायला येत. मग आलं 1863 साल. मार्चमध्ये अलेक्झांड्राचं इंग्लंडच्या युवराजाशी लग्न झालं, त्याच महिन्यात ग्रीकांनी भाऊ विल्हेल्मला आपला राजा निवडलं, आणि नोव्हेंबरमध्ये वडील स्वतः डेन्मार्कच्या गादीवर बसले.

आणि लगेच युद्ध. फेब्रुवारी 1864 मध्ये प्रशिया, म्हणजे जर्मनांचं बलाढ्य राज्य, आणि ऑस्ट्रिया यांच्या फौजा डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या श्लेस्विग प्रांतात घुसल्या. डेन्मार्क हरला. ऑक्टोबरच्या तहात श्लेस्विग, होल्स्टाइन, लाउएनबुर्ग गेले. राजाचा जवळजवळ दोन-पंचमांश मुलूख. याच शरदात, सप्टेंबरच्या अखेरीस, रशियाच्या युवराज निकोलायनं डागमारला मागणी घातली. तिला सतरावं संपत आलेलं. दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम बसलं.

आता माझा लाडका प्रसंग. याच्यासाठी मी आज इथे उभी आहे. साखरपुडा झालेल्या या मुलीनं भावी सासऱ्याला, रशियाच्या झारला, दुसऱ्या अलेक्झांडरला पत्र लिहिलं. मागितलं काय? दागिने नाहीत, वाडा नाही. जर्मनांनी पपांवर ज्या भयंकर अटी लादल्यात, त्या तुमचं वजन वापरून सौम्य करा, हे मागितलं. माझ्या देशाची अवस्था बघून मन जड झालंय, म्हणून तुमच्याकडे आले, असं तिनं लिहिलं.

ते पत्र कुणाला गेलं, हे लक्षात घ्या. प्रशियाचा राजा विल्हेल्म हा झारचा सख्खा मामा. लग्न अजून व्हायचंय, आणि होणारी सून सासऱ्याला सांगते की मामाला आवरा! लग्न मोडण्याची भीती तिला वाटली नसेल का? झारनं काही केलं नाही. अटी तशाच राहिल्या. पण या मुलीला पटावरचं प्यादं म्हणणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला माझं हे एक पत्र उत्तर आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे लग्न आणि राजकारण आता पळत पळत.

एप्रिल 1865 मध्ये निकोलाय नीसमध्ये मेंदूज्वरानं वारला, अवघ्या एकविसाव्या वर्षी. डागमार आईबरोबर त्याच्या उशाशी पोहोचली होती. पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ, पुढचा तिसरा अलेक्झांडर, डेन्मार्कला आला. त्याचं मन मारिया मेश्चेर्स्काया या दरबारातल्या तरुणीत गुंतलेलं, तिच्यासाठी तो गादीचा हक्कही सोडायला निघालेला. बापानं हुकूम केला. पण डागमारच्या खोलीत, निकोलायचे फोटो बघताना, तिच्या मनात दुसऱ्या कुणाला जागा होईल का, हे त्यानं तिलाच विचारलं. निकोलायच्या भावाखेरीज कुणाला नाही, असं ती म्हणाली.

सप्टेंबर 1866 मध्ये ती निघाली. धक्क्यावर अँडरसन उभे होते. जाता जाता थांबून तिनं त्यांचा हात हाती घेतला. त्यांचे डोळे भरून आले; परका देश, परका धर्म, ओळखीचं कुणी नाही, असं त्यांनी रोजनिशीत लिहिलं. ज्या जहाजानं तिला नेलं, त्याचं नाव होतं 'श्लेस्विग'. गमावलेल्या मुलखाचं नाव! ऑक्टोबरमध्ये धर्मांतर, 9 नोव्हेंबरला हिवाळी राजवाड्यात लग्न. आईवडील येऊ शकले नाहीत. पहिल्या मुलाचं नाव निकोलाय.

राहिली फ्रान्सची मैत्री. 1890 मध्ये जर्मनीनं रशियाशी केलेला तह पुढे चालू ठेवला नाही, 1891 मध्ये फ्रेंच आरमार रशियाच्या क्रोनश्टाट बंदरात आलं, 1894 च्या आरंभी लष्करी करार पक्का झाला. कारणं पैशाची आणि सैन्याची होती. तिनं हा करार घडवला, असं मी म्हणणार नाही. पण करार करणारा झार जिच्याशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिला, त्या बायकोच्या मनात प्रशियाविषयीची अढी 1864 पासून होती. दर काही उन्हाळ्यांनी तो सासुरवाडीला, डेन्मार्कमधल्या फ्रेडेन्सबोर्गच्या राजवाड्यात जायचा. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याला त्या गोतावळ्याचा संशय यायचा, तो उगाच नाही.

घंटा झाली. एवढंच सांगून थांबते. क्रांतीनंतर, 1919 मध्ये, ब्रिटिश युद्धनौकेनं तिला क्रिमियातून बाहेर काढलं आणि ती डेन्मार्कला परतली. पुढच्याच वर्षी उत्तर श्लेस्विगमध्ये मतदान झालं आणि लोकांनी डेन्मार्क निवडला. जुलैमध्ये तिच्या भावाचा मुलगा, राजा दहावा ख्रिस्तियान, पांढऱ्या घोड्यावरून जुनी सरहद्द ओलांडून तिकडे गेला. पत्र लिहिणारी तेव्हा बहात्तर वर्षांची होती.