आधी श्वास, मग आजाराचं नाव

(काळा पडदा. स्ट्रेचरच्या चाकांचा खडखडाट. हळूहळू उजेड.)

दार ढकलून स्ट्रेचर आत येतं, तेव्हा त्यावरच्या माणसाला काय झालंय हे आतल्या कुणालाच ठाऊक नसतं. फाइल नाही, जुने रिपोर्ट नाहीत. वय ५४. सकाळी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, मटकन खाली बसले, तेव्हापासून धाप लागलीय. कपाळावर घाम, तोही गार. सोबत मुलगी. गडबडीत वडिलांची एकच चप्पल तिच्या हातात राहिलीय.

हे कुणी एक खरे गृहस्थ नाहीत. इमर्जन्सी विभागात येणाऱ्या अनेकांचं थोडं थोडं घेऊन उभा केलेला हा रुग्ण आहे. डॉक्टर त्यांना काका म्हणतात, आपणही तेच म्हणू.

एरवी दवाखान्यातला क्रम ठरलेला असतो. हकिकत ऐकायची, तपासायचं, चाचण्या करायच्या, निदान ठरलं की औषध. इथे तो क्रम उलटा चालतो. आजार कोणता, हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न जरा कठोर आहे: पुढच्या पाच मिनिटांत हा माणूस कशाने दगावू शकेल?

(जवळून: डॉक्टर वाकून रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतेय.)

"काका, नाव सांगा तुमचं."

नाव येतं, पण दोन तुकड्यांत. आधी नाव, मग श्वास, मग आडनाव.

एवढ्यावर डॉक्टरला बरंच कळलेलं असतं. आवाज फुटतोय, म्हणजे घसा आणि श्वासनलिका मोकळी आहे. उत्तर बरोबर आहे, म्हणजे मेंदूला अजून रक्त पोचतंय. आणि सलग दोन शब्द बोलता येत नाहीत, म्हणजे छातीत काहीतरी फार बिघडलंय. अजून एकही यंत्र जोडलेलं नाही.

या पाहण्याला पाच अक्षरांचा क्रम आहे: ए, बी, सी, डी, ई. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदूची शुद्ध, आणि शेवटी कपडे बाजूला करून सगळं अंग. हा क्रम पाठांतराच्या सोयीसाठी नाही. जे आधी मारतं, ते आधी पाहायचं. वाटेत जिथे गडबड दिसेल तिथेच थांबायचं, ती सावरायची आणि मगच पुढच्या अक्षराकडे जायचं.

अपघातातल्या जखमींसाठी हा क्रम शिकवायची पद्धत रुजली, त्यामागे एक विमान अपघात आहे. फेब्रुवारी १९७६. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाचे अस्थिरोगतज्ज्ञ स्वतःचं छोटं विमान चालवत होते आणि ते शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली. चारपैकी तीन मुलं गंभीर जखमी. जवळच्या छोट्या रुग्णालयात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इथे कुणी दुष्ट नाही, आळशीही नाही. फक्त आधी काय करायचं हे कुणाला शिकवलेलंच नाही. त्यातून १९७८ साली पहिला अभ्यासक्रम झाला. १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं तो आपलासा केला आणि पुढे तो जगभर पोचला.

(मॉनिटरचा पडदा. आकडे एकेक करून उमटतात.)

नाडी १२४. बीपी १०४ वर ७०. ऑक्सिजन ८८ टक्के.

ऑक्सिजनचा हा आकडा देणाऱ्या, बोटाला लावायच्या चिमट्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं. आज त्याच्याशिवाय इमर्जन्सीची कल्पनाच करता येत नाही. पण तो फसतोही. बोटं गारठलेली असली की अडखळतो. कोळशाच्या धुरात गुदमरलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि चिमटा त्यालाच ऑक्सिजन समजून छान आकडा दाखवतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही अभ्यासांतून दिसलंय.

एक आकडा मात्र नीट मोजायला माणूसच लागतो. मिनिटाला श्वास किती. सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच. कुठल्याही वॉर्डातले कागद चाळा. ओळीनं सगळ्यांचे श्वास १८ किंवा २० लिहिलेले दिसतील. इतकी माणसं एकाच तालात श्वास घेत नसतात. तो आकडा मोजलेला नसतो, भरलेला असतो. आणि बिघडत चाललेल्या रुग्णात पुष्कळदा सर्वांत आधी हलतो तो हाच.

डॉक्टर काकांच्या छातीवर हात ठेवते आणि घड्याळाकडे बघते. ३२.

छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलताहेत. हे पाहणं महत्त्वाचं, कारण फुप्फुसाबाहेर हवा कोंडून ते दबलं असेल आणि रुग्ण कोसळत असेल, तर एक्स-रेची वाट पाहायची नसते. सुई घालून हवा सोडायची असते. इथे तसं नाही. स्टेथोस्कोपमधून दोन्हीकडे हवा स्वच्छ ऐकू येतेय. ऑक्सिजनचा मास्क लागतो, आकडा ९३ वर सरकतो.

फुप्फुसं स्वच्छ, तरी ऑक्सिजन कमी. ही विसंगती लक्षात ठेवा.

(हाताचा पंजा. डॉक्टर बोटाचं टोक दाबते, सोडते.)

आता रक्ताभिसरण. १०४ वर ७० हे बीपी बघून नातेवाइकांना हायसं वाटतं. डॉक्टरला वाटत नाही. शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं. धडधाकट माणसाचं जवळपास ३० टक्के रक्त वाहून गेलं, तरी झोपलेल्या अवस्थेत वरचा आकडा ठीकठाक असू शकतो. नाडी पळते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. आतली काटकसर अशी सुरू असते. बीपी पडलं की समजायचं, शिल्लक संपत आली.

म्हणून डॉक्टर बोट दाबते. पांढरं पडलेलं टोक सोडल्यावर गुलाबी व्हायला किती वेळ लागतो? तीन सेकंदांच्या आत व्हायला हवं. काकांना पाच लागतात. ही युक्ती जुनाट वाटेल. पण २०१९ साली दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गानं रक्ताभिसरण कोलमडलेल्या, ४२४ रुग्णांवर ती रक्तातल्या लॅक्टेटच्या (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणाऱ्या घटकाच्या) तपासणीसमोर उभी केली गेली. बोट पाहून उपचार ठरवलेल्या गटात मृत्यू थोडे कमीच झाले. फरक निर्विवाद म्हणावा इतका नव्हता, पण फुकटातली तपासणी मागे पडली नाही, एवढं नक्की.

शुद्धीचं काम झटपट होतं. डोळे उघडतात का, बोलणं सुसंगत आहे का, सांगितलेली हालचाल जमते का. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये केलेली ही मोजपट्टी ३ पासून १५ पर्यंत जाते. काका १५, म्हणजे पूर्ण शुद्धीत. तरी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहिली जाते. ती कधीच चुकवायची नाही. साखर उतरलेला माणूस अर्धांगवायूसारखा दिसतो, दारू प्यायल्यासारखा दिसतो, आणि शिरेतून ग्लुकोज गेलं की चटकन डोळे उघडून "मी कुठे आहे?" विचारतो. तिथे औषधानंच निदान सांगितलेलं असतं.

इमर्जन्सीत हे पुन्हा पुन्हा घडतं. उपचार केला, काय फरक पडला ते पाहिलं, आणि त्या फरकातून आजार ओळखला.

(कागदाची पट्टी यंत्रातून बाहेर येते.)

ईसीजी येतो आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. हृदयाच्या पुढच्या भागात बदल दिसताहेत. ज्युनिअर डॉक्टर म्हणतो, "मॅडम, हार्ट अ‍ॅटॅक." घाम, धाप, वय, ईसीजी. सगळं जुळतंय. हृदयाला इजा झाल्याचं सांगणारं ट्रोपोनिनही वाढलेलं येईल.

इथेच खरा धोका आहे. उत्तर सापडलं असं वाटलं, की शोध थांबतो. पुढची प्रत्येक गोष्ट त्याच उत्तरात बसवली जाते आणि न बसणारी दिसेनाशी होते. अनुभवी डॉक्टरही या सापळ्यात सापडतो, कारण त्याला उत्तर लवकर सुचतं.

ए, बी, सी, डी. ईसीजीच्या गडबडीत पाचवं अक्षर राहून गेलंय. ते नेहमीच राहतं.

बीपी वाढावं म्हणून २५० मिली सलाईन वेगात दिलं जातं. पाच मिनिटांनी पुन्हा मोजतात. ९६. वाढलं नाही, उतरलं. आणि गळ्याच्या शिरा आता टम्म दिसताहेत.

डॉक्टर दोन पावलं मागे सरते. शरीरात पाणी कमी असतं तर या सलाईननं बरं वाटलं असतं. म्हणजे पाणी कमी नाही; पुढे जायला वाट नाही.

"सिस्टर, पँट कापा."

कात्री चालते. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली जाडजूड, चकाकणारी. आता मुलीच्या हातातल्या त्या चपलेकडे पुन्हा बघा. ती पडली नव्हती. पायातच जात नव्हती.

"ताई, पायाला काही झालं होतं?"

"घोटा मोडला होता ना. तीन आठवडे प्लास्टर होतं. चार दिवसांपूर्वीच काढलं." मग जरा थांबून, "पण ते तर बरं झालं, म्हणून नाही सांगितलं."

(सोनोग्राफीचा पडदा. करड्या रंगात धडधडणारं हृदय.)

प्रोब छातीवर टेकतो. हृदयाचा उजवा कप्पा फुगून डाव्याला दाबतोय. हलता न येणाऱ्या पायात रक्ताची गुठळी झाली, तिथून सुटली आणि फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली. फुप्फुसात हवा येतेय, पण रक्त पोचत नाही. म्हणून आवाज स्वच्छ आणि ऑक्सिजन कमी. आधीच ताणलेल्या उजव्या कप्प्यात सलाईननं भर घातली, म्हणून बीपी घसरलं.

बीपी ८२. ते उचलून धरायला नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू होतं. खात्रीसाठी सीटी स्कॅन हवा, पण त्या खोलीपर्यंतचा प्रवास या अवस्थेत झेपेल का? दुसरा मोह नळी टाकून व्हेंटिलेटर लावण्याचा. एवढी धाप बघून हात शिवशिवतात. पण भूल दिली की बीपी आणखी पडतं, यंत्रानं छातीत हवा ढकलली की उजव्या कप्प्यावरचा भार वाढतो, आणि अशा रुग्णांचं हृदय नळी टाकतानाच थांबल्याचं डॉक्टरांनी पाहिलेलं असतं. कधी कधी हात मागे घेणं हा उपचार असतो, आणि तो सगळ्यात अवघड असतो.

राहतं गुठळी विरघळवणारं औषध. ते मुलीला सांगावं लागतं, आणि तेही उभ्याउभ्या.

"ताई, फुप्फुसाच्या मोठ्या नसेत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन देतोय. त्यानं कुठेही रक्तस्राव होऊ शकतो. १०० पैकी दोन-तीन जणांच्या मेंदूत होतो. पण नाही दिलं, तर आज जाण्याचा धोका त्याहून पुष्कळ मोठा आहे."

"तुमचे वडील असते तर?"

"दिलं असतं."

सही होते. अक्षर वेडंवाकडं. अल्टेप्लेस, १०० मिलिग्रॅम, दोन तासांत.

या दोन तासांबद्दल फारसं सांगण्यासारखं काही नसतं. शेजारच्या खाटेवर कुणाला तरी टाके पडतात. डॉक्टर मधे दोन रुग्ण बघून येते. पण दर दहा मिनिटांनी ती इकडे फिरकते, बोट दाबते, शुद्ध बघते, डोकं दुखतंय का विचारते. निदान बरोबर आहे असं तिला वाटतं. वाटतं, एवढंच.

(घड्याळ. मग काकांचा चेहरा, मास्क अजून आहेच.)

दोन तासांनी बीपी ११२. ऑक्सिजन ९६. काका पाणी मागतात आणि पूर्ण वाक्यात मागतात. ज्युनिअर डॉक्टर कागदावर श्वासाच्या रकान्यात २० लिहायला पेन टेकवतो.

डॉक्टर त्याचा हात थांबवते, छातीवर तळवा ठेवते आणि घड्याळाकडे बघते. पूर्ण मिनिट.

"चोवीस. चोवीस लिही."