अँटिबॉडी बरोबर, जागा चुकीची

नमस्कार मंडळी. विषय 'लाइमच्या जिवाणूचं पृष्ठप्रथिन आणि ते ओळखणाऱ्या अँटिबॉडीज' असा रूक्ष असूनही रविवारी सकाळी खोली भरलीय. न्यू जर्सीत मागच्या अंगणात गवत कापणाऱ्याला गोचिडीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम रोग, त्याचा जिवाणू बोरेलिया बर्गडॉर्फेरी, त्वचेवरचा लाल चट्टा वगैरे प्राथमिक गोष्टी मी गाळतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की, ऑस्प-ए या पृष्ठप्रथिनाला ओळखून चिकटणारी अँटिबॉडी मागवण्याआधी ते प्रथिन तुमच्या नमुन्यात असायला हवं का, हे विचारा. बाटलीवरचं लेबल वाचायला सगळे तयार असतात. हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

उपाशी गोचिडीच्या आतड्यात जिवाणूच्या अंगावर ऑस्प-ए भरपूर असतं. त्याच्या जोरावर तो आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो. गोचीड रक्त प्यायला लागली, ऊब मिळाली, की ऑस्प-ए उतरतं आणि ऑस्प-सी हे दुसरं पृष्ठप्रथिन चढतं. माणसात शिरतो तो बहुतांशी कपडे बदललेला जिवाणू. प्रयोगशाळेत बीएसके या वाढीच्या द्रवात ३४ अंशांना वाढवलेला मात्र ऑस्प-ए मुबलक बनवतो. त्यामुळे कल्चरचा, म्हणजे असा वाढवलेल्या जिवाणूंचा, पॉझिटिव्ह कंट्रोल (उजळायलाच हवा असा नमुना) दर वेळी झकास उजळतो आणि रुग्णाच्या त्वचेचा तुकडा कोराच राहतो. मग 'अँटिबॉडी खराब आली' म्हणून विक्रेत्याला ईमेल जातो. बिचारी अँटिबॉडी!

डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली ऑस्प-एची लस याच गोष्टीवर उभी होती. टोचायची माणसाला आणि लढाई व्हायची गोचिडीच्या पोटात. रक्ताबरोबर आत गेलेल्या अँटिबॉडीज जिवाणूला तो निघण्याआधीच गाठायच्या. फेब्रुवारी २००२ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढली. त्यावर बोलायला लागलो तर जेवण थंड होईल.

पण ३१ नंबरच्या बँडवर बोलल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला परिषद भरली आणि पुढच्या वर्षी सीडीसी या अमेरिकी आरोग्यसंस्थेने वेस्टर्न ब्लॉटचे निकष छापले. या चाचणीत जिवाणूची प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पट्टीवर उतरवतात; रुग्णाच्या अँटिबॉडीज जिथे चिकटतात तिथे बँड उमटतो. आयजीएम या लवकर येणाऱ्या अँटिबॉडीसाठी २४, ३९ आणि ४१ या तीनपैकी दोन बँड हवेत. नंतर येणाऱ्या आयजीजीसाठी १८, २१, २८, ३०, ३९, ४१, ४५, ५८, ६६ आणि ९३ या दहापैकी पाच. हे आकडे किलोडाल्टनमध्ये, म्हणजे प्रथिनाच्या वजनाचे. यादीत ३० आहे. ३१ म्हणजे ऑस्प-ए आणि ३४ म्हणजे ऑस्प-बी नाहीत. जी प्रथिनं जिवाणूची म्हणून सर्वांत ओळखीची, तीच यादीबाहेर! तेव्हापासून कुजबुज चालू आहे की, लस येणार होती म्हणून हे बँड मुद्दाम गाळले.

मला हा कट वाटत नाही. ३१ आणि ३४ विरुद्धचा प्रतिसाद बहुधा महिन्यांनी, पुष्कळदा सांधे सुजल्यावर येतो. त्यामुळे रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक दाखवायला बाकीचे बँड अधिक कामाचे ठरले. माझी तक्रार वेगळी आहे. पट्टी प्रत्यक्ष हातात घ्या. ३० आणि ३१ मध्ये जेमतेम रेघेएवढं अंतर असतं. जेल थोडं वाकडं पळालं, काठाचे बँड वर वळून 'हसले', की एक बँड दुसऱ्याच्या जागी मोजला जातो. ठाऊक वजनाच्या प्रथिनांच्या, म्हणजे मार्करच्या, शिडीवरून अंदाज घेऊन भागत नाही. त्याच जेलच्या एका पट्टीवर एच५३३२ ही ऑस्प-एची मोनोक्लोनल (एकाच जागेला ओळखणारी) अँटिबॉडी लावा, ३१ नेमका कुठे ते कळेल. दुसऱ्या पट्टीवर एच९७२४ लावा, फ्लॅजेलिनचा, म्हणजे जिवाणूला हलवणाऱ्या दोऱ्यांच्या प्रथिनाचा, ४१ कळेल. १९८३ साली बार्बर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली एच५३३२ रुग्णात काही शोधण्यापेक्षा या कामाला जास्त उपयोगी आहे, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी चहाच्या वेळी भांडावं.

दहाच मिनिटं उरलीत म्हणे. म्हणजे अँटिबॉडी तपासायची कशी, हा मुख्य विषय आता पळत पळत.

प्रथिन खरंच पृष्ठभागावर आहे का? कल्चरमध्ये मिलिलीटरला सुमारे पाच कोटी जिवाणू झाले की सेंट्रिफ्यूजमध्ये हलक्या गतीने फिरवा आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घातलेल्या पीबीएसने (खारट बफरने) धुवा. व्हॉर्टेक्स यंत्रावर जोरात हलवू नका, बाहेरचं आवरण सुटतं. अँटिबॉडी जिवंत पेशींनाच लावा, फिक्स, म्हणजे रसायनाने पेशी स्थिर करणं, नंतर करा. मेथॅनॉल आधी घातलंत तर आवरण फाटतं आणि आतलं सगळं 'पृष्ठभागावर' दिसतं. म्हणून शेजारच्या नळीत एच९७२४ हवीच. फ्लॅजेलिन आवरणाच्या आत असतं. फिक्स न केलेल्या पेशीत ते चमकलं तर प्रयोग फेकून द्या. त्याच पेशींचा दुसरा भाग प्रोटीनेज के हे बाहेरची प्रथिनं खाणारं विकर घालून तासभर ठेवा, पीएमएसएफ या रसायनाने ते थांबवा, ब्लॉट करा. ऑस्प-ए गेलं आणि फ्लॅजेलिन राहिलं पाहिजे.

निगेटिव्ह कंट्रोल (कोराच राहायला हवा असा नमुना) म्हणून बोरेलिया हर्म्सी हा भाऊबंद जिवाणू घ्या, त्यावर एच५३३२ बसत नाही. युरोपातले नमुने असतील तर एकाच मोनोक्लोनलवर विसंबू नका. तिथल्या ऑस्प-एचे सात सीरोटाइप (अँटिबॉडीला वेगळे दिसणारे प्रकार) १९९३ सालीच वेगळे काढले गेलेत. बी३१ या अमेरिकन वाणावर बनवलेल्या अँटिबॉडीला त्यातले काही दिसणारच नाहीत, आणि कोऱ्या पट्टीवरून ते कळतही नाही.

सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडीजचं मिश्रण) वापरणाऱ्यांनो, बीएसकेमध्ये सशाचं सीरम असतं. नीट धुतलं नाही तर ते पेशींना चिकटून राहतं आणि तुमची अँटी-रॅबिट सेकंडरी, म्हणजे पहिल्या (प्रायमरी) अँटिबॉडीला धरून खूण दाखवणारी दुसरी अँटिबॉडी, त्यालाच धरते. प्रायमरी न घातलेली नळी यासाठीच ठेवायची. उंदराच्या ऊतीवर उंदराची मोनोक्लोनल लावली की तोच घोळ, तिथे थेट रंग जोडलेली प्रायमरी घ्या. जिवंत पेशींवर पूर्ण आयजीजी घातली की त्या एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि मोजणी कमी भरते. मोजायचं असेल तर फॅब, म्हणजे अँटिबॉडीचे एकच टोक असलेले तुकडे, वापरा.

साठवणीचं एक. लहान नळ्यांत वाटून उणे २० ला ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. चार अंशांवर ठेवायची तर ०.०२ टक्के सोडियम अझाइड चालतं, पण ते सेकंडरीला जोडलेल्या, खूण उजळवणाऱ्या एचआरपी या विकराला मारतं. प्रायमरीनंतर टीबीएसटी या धुण्याच्या बफरने नीट धुवा आणि सेकंडरीच्या बफरमध्ये अझाइडचा थेंबही नको.